सरासरी मुक्काम

३ फेब्रुवारी, मंगळवार

तोच धोंडा आज पुन्हा माझ्या गळ्यात पडला. पुढच्या दहा वर्षांत राज्यातल्या तुरुंगांत किती माणसं असतील, याचा अंदाज पंधरा मार्चपर्यंत द्यायचा आहे. चार वर्षांपूर्वीही मीच दिला होता. ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे असे कच्चे कैदी यंदा सोळा हजार असतील, असं मी ठासून लिहिलं होतं. आज ते बावीस हजार चारशे आहेत. माझ्या अंदाजावर विसंबून बराकी बांधल्या नाहीत आणि आता लोक पाळीपाळीने झोपतात. आमचे संचालक, मोठे साहेब, एकदाही आवाज चढवत नाहीत. आजही फक्त म्हणाले, "या वेळी चुकू नका." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ही वही आज विकत आणली. घरात आईशी ऑफिसचं बोलता येत नाही आणि ऑफिसात घरचं बोलता येत नाही, कारण माझा धाकटा भाऊ शहराच्या तुरुंगात आहे आणि हे माझ्या विभागात कुणालाही माहीत नाही. आडनावं वेगळी आहेत. नवरा जाताना जे काही सोडून गेला त्यातलं ते आडनाव तेवढं उपयोगी पडलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार कच्च्या कैद्यांच्या भेटीचा. आई सकाळी सातला जाते, दुपारी दोनला येते आणि पाय कोमट पाण्यात सोडून बसते. मी सोळा महिन्यांत एकदाही गेलेले नाही. भेटीच्या खिडकीवरच्या कारकुनाशी मी दर महिन्याला आकड्यांसाठी फोनवर बोलते, तो माझा आवाज ओळखेल. धाकट्यालाही हे पटतं. निदान आई तसं सांगते.

त्याचा गुन्हा म्हणजे तो टेम्पो चालवत होता आणि टेम्पोत चोरीची तांब्याची तार होती. तारेच्या मालकाला तिसऱ्या दिवशी जामीन मिळाला. धाकट्याला बावीस तारखा पडल्या आणि त्यातल्या पाच वेळा त्याला कोर्टात नेलं. बाकी वेळी न्यायला पोलिसांची गारद नव्हती किंवा गाडी नव्हती. माणूस हजर नाही म्हणून कोर्ट पुढची तारीख देतं.

पाय पुसता पुसता आई म्हणाली, "तू अख्ख्या राज्याचं दहा वर्षांचं सांगतेस. आपल्या एकाचं सांग की." मी भांडी घासायला उठले. ती आधीच घासलेली होती.

११ फेब्रुवारी, बुधवार

काही म्हणता काही जमत नाही. हिशोब तसा शाळकरी आहे. रोज किती माणसं आत येतात आणि सरासरी किती दिवस राहतात, याचा गुणाकार केला की आत किती आहेत ते निघतं. रोज सरासरी दोनशे दहा येतात. हा आकडा पाच वर्षांत हललेला नाही. सरासरी मुक्काम एकाहत्तर दिवस. गुणाकार पंधरा हजारांच्या आत येतो. मग बाकीचे साडेसात हजार काय भिंतीतून उगवले?

माझ्या शेजारच्या टेबलावर दशांश बसतात. हे त्यांचं नाव नाही, पण घरी किती माणसं आहेत विचारलं तर तेही दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतील असा त्यांचा लौकिक आहे. ते म्हणाले, गुन्हेगारीत दरसाल सहा टक्के वाढ धरा, रेष बरोबर बसेल. गेल्या वेळी आपण तेच केलं होतं, पण चार टक्के धरली होती. मी म्हटलं, गुन्हे वाढले असते तर येणारे वाढले असते. त्यांनी चष्मा पुसला आणि बसणारी रेष साहेबांना आवडते एवढंच म्हणाले.

दिवसभर मला एका जागी बसवत नव्हतं. पाण्याच्या यंत्रापर्यंत किती वेळा गेले देव जाणे. शिपाई विचारून गेला की पोट बिघडलंय का.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं. आणि ज्या वाटेने सापडलं तिची मला लाज वाटते.

सकाळी सहज मनात आलं की माझ्या एकाहत्तर दिवसांच्या सरासरीत धाकट्याचे दिवस किती असतील. सोळा महिने म्हणजे चारशे नव्वदच्या आसपास. शोधायला गेले तर एकही नाही. असणार कसा? मुक्काम आम्ही काढतो सुटकेच्या नोंदींवरून. माणूस सुटला की आलेली तारीख आणि गेलेली तारीख यांची वजाबाकी होते. जो सुटलाच नाही त्याची वजाबाकीच होत नाही. तो जितका जास्त अडकेल तितका माझ्या हिशोबाबाहेर राहील. वीस दिवसांत जामिनावर जाणारे मी वर्षानुवर्षं इमानेइतबारे मोजले आणि ज्यांच्यामुळे बराकी तुंबल्या ते माझ्या सरासरीत कधी आलेच नाहीत.

म्हणजे तुरुंग भरतोय तो येणाऱ्यांमुळे नाही. जाणारे जात नाहीत म्हणून भरतोय. याला बराकी बांधायला नकोत, गाड्या आणि गारद द्यायला हवी.

दशांशांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, ही चूक मी एकवीस वर्षं करतोय." आणि डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला. मी मात्र आनंदाने नाचायची बाकी होते. घरी येऊन आईला मिठी मारली. तिला वाटलं धाकट्याचं काही चांगलं कळलं, आणि मग तिचा चेहरा उतरलेला बघावा लागला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आठवडाभर फोनवर भांडतेय. प्रत्येक तुरुंगाकडून आज आत असलेल्या प्रत्येक माणसाची आत आल्याची तारीख हवी आहे. एक अधीक्षक म्हणाले, आकडा हवा तर देतो, माणसं कशाला मोजता. दुसऱ्याने हात वर केले. भेटीच्या खिडकीवरचा कारकून मात्र कामाचा निघाला, त्याने शहराच्या तुरुंगाची अख्खी यादी तीन दिवसांत पाठवली. त्याचे आभार मानताना मी आवाज उगाच जाड काढत होते.

राज्यात वर्षाहून जास्त अडकलेले कच्चे कैदी सहा हजार नऊशे बारा. माझे हरवलेले साडेसात हजार जवळजवळ सापडले.

६ मार्च, शुक्रवार

आज साहेबांसमोर मांडलं. सचिवालयातले उपसचिवही आले होते. भर उन्हाळ्यात गळ्यात टाय असतो, म्हणून आम्ही त्यांना टाय म्हणतो. मी दोन रेषा दाखवल्या. आहे तसं चालू राहिलं तर दहा वर्षांत एकेचाळीस हजार. प्रत्येक तारखेला माणूस कोर्टात पोचवला तर सतरा हजार, आणि नवा तुरुंग नको.

टाय पुढे झुकून ऐकत होते. असं कुणी ऐकलं की मला भरून येतं. त्यांनी विचारलं की या सहा हजार नऊशेंची नावानिशी यादी मिळेल का. मी म्हटलं, मिळेल. तुरुंगवार? मिळेल. किती दिवस आत आहे त्या क्रमाने? मिळेल. मग म्हणाले, तब्येतीचा एक रकाना घाला आणि भेटीला कुणी येतं का त्याचाही घाला. इतक्या बारकाईने चौकशी करणारा अधिकारी मी आजवर पाहिला नव्हता. या माणसाला मी उगाच नावं ठेवत होते.

जिन्यात दशांश म्हणाले, लोकांना रेष आवडली नाही, यादी आवडली. मी म्हटलं, यादी म्हणजे माणसं, तीच तर दिसायला हवीत. त्यांना कशाचाच आनंद होत नाही.

१२ मार्च, गुरुवार

यादी पुरी झाली. शहराच्या तुरुंगाच्या भागात धाकटा दोनशे चौदाव्या ओळीत आहे.

ती ओळ काढावी का, याचा विचार केला हे इथे कबूल करते. आडनावावरून कुणाला कळणार नाही, पण आईचं नाव, पत्ता, सगळं त्यात आहे. पत्ता माझाच. तासभर त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. शेवटी वाटलं, सतरा महिने हा कुणालाच दिसला नाही, निदान आता दिसू दे. ठेवली. संध्याकाळी चालत घरी आले, दोन बस सोडून. कितीतरी महिन्यांनी स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

२७ मार्च, शुक्रवार

अहवाल मंजूर झाला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात एकेचाळीस हजार. सतरा हजारांची रेष शोधावी लागली. ती परिशिष्टात आहे आणि तिच्याखाली "पोलीस विभागाशी संबंधित बाब" असं एका ओळीत लिहिलंय. नव्या तुरुंगाला तत्त्वतः मान्यता. माझं अभिनंदनही आहे. म्हणजे माझाच आकडा घेऊन माझ्याच तोंडाला पानं पुसली.

आणि तातडीचा उपाय म्हणून, नवा तुरुंग होईपर्यंत, सीमेजवळची एक बंद पडलेली छावणी ताब्यात घेतली आहे. शहराच्या तुरुंगातले सहाशे जण तीन एप्रिलला तिथे हलवायचे. छावणी इथून नऊ तासांवर आहे. ज्याला शहरातल्या कोर्टात न्यायला गाडी मिळत नाही, त्याला नऊ तासांवरून कोण आणणार?

कुठले सहाशे, हे शेवटच्या पानावर होतं. सर्वांत जास्त दिवस आत असलेले. यादी त्यांना तयारच मिळाली, माझी सही असलेली. पहिल्या सहाशे ओळी.

मी प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडला आणि रडले.

३० मार्च, सोमवार

शनिवार-रविवार आईच्या नजरेला नजर दिली नाही. आज साहेबांच्या खोलीत गेले आणि दार लावून सांगितलं की दोनशे चौदावा माझा भाऊ आहे.

साहेबांनी समोरची फाईल मिटली. मला वाटलं, आता चौकशी, आता नोकरी. ते म्हणाले, "आधी सांगायचं होतं. किती दिवस एकट्याने सांभाळलंत हे." इतक्या मायेने माझ्याशी या इमारतीत कुणी बोललेलं नाही. मी गाड्यांचा, गारदीचा विषय काढला, तर त्यांनी नुसती मान हलवली. ते त्यांच्या हातात नव्हतं. मग म्हणाले, "तुमच्या भावाचं नाव काढू. पण आकडा सहाशेच राहायला हवा, वर कळवून झालाय. उद्यापर्यंत एक नाव द्या."

त्यांना हे चांगुलपणाच वाटत होतं. मलाही त्या क्षणी वाटला. मी आभार मानून बाहेर आले.

३१ मार्च, मंगळवार

क्रमाने गेलं तर सहाशे एकावा. त्याची ओळ वाचली. वय अठ्ठावन्न, भेट दर आठवड्याला. नको. सहाशे दोनला दमा. सहाशे तीनच्या नावापुढे दोन लहान मुलांच्या भेटी. मी यादी बंद केली, उघडली, परत बंद केली. दशांश समोरच होते. त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण ते उठून बाहेर गेले आणि तासभर आले नाहीत.

शेवटी मी जे माझं काम आहे ते केलं. भेटींच्या रकान्यावरून यादी लावून घेतली. ज्यांना भेटायला कुणीच येत नाही असे सहाशेनंतर एकतीस जण होते. त्यात तब्येत चांगली असलेला, वय चाळीसच्या आतला, असा एक सहाशे सत्तेचाळीसावा. भेटी शून्य. त्याला इथे काय आणि छावणीत काय, फारसा फरक पडणार नाही. उलट तिथे झोपायला पुरती जागा तरी मिळेल. अगदी निर्दय होऊन केलेली निवड नाही ही. कुणालाही विचारलं तर तो हेच म्हणेल.

नाव दिलं. साहेब म्हणाले, चांगलं केलंत.

४ एप्रिल, शनिवार

काल पहाटे बस गेल्या. आधी कुणालाही कळवायचं नाही असा नियम असतो, त्यामुळे परवाच्या भेटीत आईला काहीच माहीत नव्हतं. आज मी तिला सांगितलं की सहाशे जणांना लांब हलवलं आणि आपला त्यात नाही. का नाही ते सांगितलं नाही. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी लहान असल्यापासून तिने असं केलं नव्हतं.

घरातली सगळी कपाटं आवरली. आता आवरायला काही उरलं नाही.

८ एप्रिल, बुधवार

दुपारी खिडकीवरच्या कारकुनाचा फोन आला. तो मला जाब विचारत नव्हता, नोंद दुरुस्त करायची म्हणून विचारत होता. तुमच्या यादीत सहाशे सत्तेचाळीसच्या पुढे भेटी शून्य कशा? त्याची बायको दर गुरुवारी येते, एकही गुरुवार चुकवत नाही. नऊ नंबरच्या बराकीचं भेटीचं रजिस्टर बांधणीला गेलं होतं, म्हणून त्या बराकीचा रकाना आम्ही रिकामा पाठवला होता.

रिकामा पाठवला होता. आणि संगणक रिकामा रकाना घेत नाही म्हणून अडून बसला, तेव्हा दशांशांनी विचारलं होतं काय करू, आणि मी मान वर न करता सांगितलं होतं, शून्य टाका. माहीत नाही आणि नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवते. ते एकतीसच्या एकतीस जण नऊ नंबरचे होते.

कारकून पुढे म्हणाला, उद्या ती येईल, तिला अजून कुणी सांगितलेलं नाही, तुमच्याकडून पत्र निघेल का? मी म्हटलं, बघते.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, दोनशे चौदाव्या ओळीपासून. मला वाटलं ती मला जवळ घेईल किंवा ओरडेल. तिने फक्त विचारलं, ती कोण, उंच, डाव्या पायाने जरा लंगडणारी का. मला काय माहीत? माझ्या यादीत बायकांचा रकाना नाही. आई म्हणाली, तीच असणार, नऊ नंबरवाली. रांगेत माझ्या मागे असते, मी दमले की माझी जागा धरते.

मग बराच वेळ ती टेबलावरचा कपडा सरळ करत राहिली. "उद्या मी जाणार नाही," ती म्हणाली. "मला तिच्यापुढे उभं राहता यायचं नाही. तू जा. आणि खिडकीवर कळायच्या आत तिला सांग. काय केलंस तेही सांग."

९ एप्रिल, गुरुवार

रजा टाकली. सातला पोचले. भिंतीला लागून रांग, पंचवीस-तीस माणसं, बहुतेक बायकाच. इतकी वर्षं यांच्या माणसांचे गुणाकार केले, ही रांग कधी पाहिली नव्हती.

तिला ओळखायला वेळ लागला नाही. मी रांगेबाहेर तिच्या शेजारी उभी राहिले आणि पाठ केलेलं बोलायला लागले. तिच्या नवऱ्याला हलवलंय, कुठे हलवलंय, शुक्रवारी पहाटे. ती ऐकत राहिली. रडली नाही. कुठून बस मिळते, किती वाजता, तिथे भेटीचा वार कुठला, असं एकेक विचारत गेली. मला सगळं माहीत होतं, मी कागदावर लिहून आणलं होतं. तिने कागद दोनदा वाचला. एका दिवसात जाऊन येणं व्हायचं नाही, असं ती स्वतःशीच म्हणाली.

आता पुढचं सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "बरं झालं तुम्ही सांगितलंत. खिडकीवर कळलं असतं तर मला उभं राहता आलं नसतं." आणि मग, "तुमचं कोण आहे आत?"

"भाऊ," मी म्हटलं. इतक्या महिन्यांत घराबाहेर हे दुसऱ्यांदा बोलले.

"किती दिवस?"

"दीड वर्ष होईल."

"मग तुम्हाला सांगायला नकोच." तिने माझ्या दंडावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

दार उघडलं, रांग हलली. तिच्यापुढे चार-पाच जणीच होत्या. ती बाजूला झाली आणि मला तिच्या जागी पुढे केलं. म्हणाली, तुम्ही जा, तुमचा माणूस आहे आत, उशीर झाला तर वेळ कमी मिळतो. मी नको म्हणायला हवं होतं. सांगायला हवं होतं. मी पुढे सरकले, आणि मागे बघितलं तेव्हा ती कागद घडी करत रस्ता ओलांडत होती.

खिडकीवर कारकुनाने कैद्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. माझा आवाज ऐकून त्याने मान वर केली आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. धाकट्याच्या नावापुढे मी माझी सही केली.